वडक्यांचे मोरचूद

रंगनाथ वडके यांचा उद्योग का वाढला, याची दोन कारणे नाशकात सांगितली जातात. पहिले कारण, त्यांच्या आईने, कमळाबाईंनी, त्र्यंबकेश्वरी केलेला अभिषेक. अभिषेक झाला होता, हे खरे आहे. त्याच श्रावणात सातपूरच्या आणखी दोन कारखान्यांसाठीही झाला होता आणि ते दोन्ही पुढे बंद पडले. सांगणारे एवढा भाग गाळतात. दुसरे कारण, द्राक्षे. द्राक्षे वाढली म्हणून मोरचूद खपले, मोरचूद खपले म्हणून वडके वाढले आणि १९८४ साली सिन्नरला त्यांचा दुसरा कारखाना उभा राहिला. हे स्पष्टीकरण पहिल्यापेक्षा बरे आहे, परंतु पुरेसे नाही. १९७७ च्या हिवाळ्यात द्राक्षे जोरात वाढत होती आणि रंगनाथचा पहिला कारखाना नेमका तेव्हाच बंद पडण्याच्या बेतात होता.

वडके मूळचे तांबट. तांबट आळीत त्यांच्या घरी हंडे, घंगाळी आणि बंब घडत. भांडी कापताना तांब्याची कातरण उरते. त्र्यंबक वडके, म्हणजे रंगनाथचे वडील तात्या, यांनी ती मोडीत विकण्याऐवजी तिचे मोरचूद करायला सुरुवात केली. कातरण भट्टीत काळी होईपर्यंत भाजायची, गंधकाम्लात विरघळवायची, ते निळे द्रावण शिशाचा पत्रा ठोकलेल्या टाक्यांत सोडायचे, त्यात शिशाच्या पट्ट्या लोंबत्या ठेवायच्या आणि मग तीन आठवडे टाक्यांना कोणी हात लावायचा नाही. पट्ट्यांवर मुठीएवढे खडे धरत. विरवलेल्या चुन्यात मिसळून ते वेलींवर फवारले की केवडा, म्हणजे पानांवरची बुरशी, आटोक्यात राहतो. बागाईतदार खरेदीला येत तेव्हा खडा उचलून उन्हात धरत, त्यातून पलीकडचे दिसते का ते पाहत आणि समाधानाने मान हलवत. जेवढा मोठा खडा तेवढा शुद्ध माल, हा त्या सगळ्या पट्ट्यातला सिद्धान्त होता.

रंगनाथला तो मान्य नव्हता. तो मुंबईला रसायन तंत्रज्ञान शिकून आला होता. त्याची बायको वत्सला रसायनशास्त्राची पदवीधर होती आणि त्यांच्या लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी दोघांनी मिळून केलेले काम म्हणजे तात्यांचे खडे फोडून तपासणे. मोठ्या खड्याच्या पोटात द्रावणाचे थेंब कोंडले जातात आणि त्यांबरोबर लोहही आत राहते. सावकाश वाढलेल्या बारीक दाण्यात ते कमी असते. मापन तीन वेळा केले, तिन्ही वेळा तेच उत्तर आले. १९७६ साली सातपूरला शेड उभी राहिली. तिथे गार पाण्याचे आवरण असलेल्या पात्रात द्रावण सतत ढवळले जाई आणि एकलहऱ्याच्या केंद्रातली वीज दिवसभर टिकली तर सकाळी सोडलेल्या द्रावणाचे संध्याकाळी निळे, दाणेदार मोरचूद होई.

तात्यांनी पहिल्या दिवशीचा नमुना तळहातावर घेऊन पाहिला.

"साखर काढलीस," ते म्हणाले. "आता शेजारी चहाचं दुकान टाक."

"पाण्यात लगेच विरघळतं, तात्या. तुमचा खडा रात्रभर गोणपाटात बांधून पाण्यात टांगून ठेवावा लागतो."

"ठेवू दे की. रात्री दुसरं काय काम असतं त्यांना?"

"तुम्ही आपलं तांब्याचं बोला," आतून कमळाबाई म्हणाल्या.

भांडण झाले नाही. वडक्यांकडे भांडणे होत नसत. तिथे प्रत्येकजण आपापल्या टाकीवर काम करी. तात्यांनी आळीतल्या चारही टाक्या चालू ठेवल्या, रंगनाथने सातपूर. मात्र द्राक्षबागांचे क्षेत्र इतके वाढले की चार टाक्यांचा माल कोणालाच पुरेना. ओझरपलीकडच्या पाच गावांच्या बागाईतदारांचा एक खरेदी संघ होता. सातपूरचा तीन चतुर्थांश माल एकटा तोच घेऊ शकत होता. १९७७ च्या ऑक्टोबर छाटणीला या संघाने पहिल्यांदाच सगळे मोरचूद सातपूरहून उचलले.

नोव्हेंबरच्या मध्यावर संघाचे अध्यक्ष गोटीराम स्वतः कारखान्यात आले. गोटीराम हे तात्यांचे जुने गिऱ्हाईक, धोतर आणि त्यावर कोट घालणारे, सावकाश बोलणारे गृहस्थ. त्यांनी वत्सलाच्या तपासणीच्या टेबलावर वर्तमानपत्राची पुडी उलगडली. आत द्राक्षाची कोवळी पाने होती. कडा तपकिरी होऊन वळल्या होत्या, जणू कोणी त्यांवरून तापलेली इस्त्री फिरवली होती.

"केवडा नाहीये हा," वत्सला म्हणाली. "पान करपलंय."

"ते मला बी दिसतंय, वहिनी. फवारलं तव्हा हिरवंगार व्हतं. तिसऱ्या दिवशी हे असं. इतकी वर्सं तात्याशेठचा खडा मारला, एक पान करपलं नाय. यंदा तुमचं पीठ मारलं."

"पीठ नाही, गोटीरामभाऊ, दाणा आहे," रंगनाथ म्हणाला.

"बरं, दाणा. दाण्यानं जळालं." गोटीरामांनी पुडी पुन्हा बांधली. "आन् माझं एकट्याचं नाय. लय जणांचं हाय. रविवारी संघाची बैठक हाय शेठ. लोकं म्हणत्यात, मुंबईच्या व्यापाऱ्याचा माल घ्यायचा. मी अध्यक्ष, माझीच बाग जळाली. मी कोणत्या तोंडानं तुमची बाजू घेऊ, ते तुमीच सांगा."

संघ गेला तर सातपूरचे पात्र ढवळत ठेवण्यात अर्थ नव्हता, हे टेबलाभोवतीच्या तिघांनाही ठाऊक होते.

वत्सलाने त्या महिन्यातल्या प्रत्येक घाण्याचे राखून ठेवलेले नमुने पुन्हा तपासले. तांबे जेवढे हवे तेवढे होते. लोह नगण्य. मोकळे आम्ल नव्हते. प्रयोगशाळा म्हणत होती, माल शुद्ध आहे. पाने म्हणत होती, नाही. दोघांपैकी एकावर विश्वास ठेवून दुसऱ्याला खोटे पाडण्याचा मोह अशा वेळी होतो. वत्सलाने तो टाळला. पानेही खरी होती आणि अंकही. म्हणजे या दोहोंच्या मधे कुठेतरी काहीतरी घडत होते.

त्या संध्याकाळी पाटावर बसल्यावर तात्यांनी स्वतःहून विषय काढला.

"गोटीराम माझ्याकडेही आला होता. रविवारी मी येतो बैठकीला. सांगतो त्यांना, टाक्या वाढवतो आणि पुन्हा खडा देतो. सातपूरची शेड भाड्यानं दे कोणाला तरी. लाज वाटून घेऊ नकोस, रंगा. माणूस चुकतो."

हे रंगनाथला रागापेक्षा जड गेले, कारण तात्या मायेने बोलत होते.

"माल चुकलेला नाही, तात्या."

"ढवळून ढवळून सत्त्व जातं त्यातलं."

"सत्त्व मोजता येत नाही."

"म्हणूनच गेलेलं कळत नाही."

"आमटी वाढू का कोणाला?" कमळाबाईंनी विचारले आणि चर्चा संपली.

दुसऱ्या दिवशी रंगनाथ आणि वत्सला स्कूटरवरून बागा पाहायला निघाले. पाहणीला एकच शिस्त होती. करपलेल्या बागांइतक्याच न करपलेल्याही पाहायच्या. तक्रार करणारे आपोआप समोर येतात. ज्यांचे सगळे ठीक असते ते घरी बसतात आणि त्यांच्याकडे असलेली अर्धी माहिती कोणी विचारत नाही. एकाच घाण्याचा माल, एकाच दिवशी संघाच्या गोदामातून उचललेला, शेजारशेजारच्या दोन बागांत गेला होता. एक बाग तपकिरी झाली होती, दुसरी हिरवी होती. माती तीच, वाण तोच, विहिरींचे पाणीही जवळजवळ तेच.

दुपारपर्यंत एक गोष्ट दिसू लागली. वत्सलाने ती स्कूटरच्या मागच्या सीटवरून रंगनाथच्या कानात सांगितली.

"अहो, करपलेले सगळे तात्यांचे जुने लोक आहेत. हिरवे आहेत ते गेल्या दोन-तीन वर्षांत द्राक्षं लावलेले. तुमच्या घराशी एकनिष्ठ राहिलं की पान करपतं, असं दिसतंय."

"मला आत्ता हसू येत नाहीये."

"मी विनोद करत नाहीये. निरीक्षण सांगतेय."

निरीक्षण योग्य होते आणि चमत्कारिकही. नवशिक्यांच्या बागा वाचाव्यात आणि मुरलेल्यांच्या जळाव्यात, असे रसायन रंगनाथला ठाऊक नव्हते. हिरव्या बागांपैकी एक निवृत्त शिक्षकांची होती. गावात सगळे त्यांना गुरुजीच म्हणत. मिश्रण कसे करता, असे विचारल्यावर गुरुजींनी किराणा दुकानातून आणलेला तराजू दाखवला.

"शेतकी खात्याच्या पुस्तिकेत किलो लिहिलंय, म्हणून किलो घेतो. मला दुसरं काही येतच नाही. बाकीचे हसतात मला. म्हणतात, गुरुजी औषध करतायत की सोनं विकतायत."

"तराजू तासभर द्याल का?" रंगनाथने विचारले.

तराजू वत्सलाच्या मांडीवर ठेवून ते गोटीरामांच्या बागेत आले. रंगनाथने त्यांना सांगितले, "नेहमी करता तसंच मिश्रण करून दाखवा. फक्त फवारू नका."

"आता काय फवारायचं राहिलंय," असे म्हणत गोटीराम घरात गेले. औषध कालवण्याचे काम मंगळू आणि त्याची बायको भागीबाई करीत. पेठ तालुक्यातले हे जोडपे भात कापून झाले की दर वर्षी द्राक्षाच्या हंगामाला इथे उतरे. भागीबाईने लाकडी पिपात पाणी भरले. गोटीराम देव्हाऱ्यातून एक भांडे घेऊन आले. त्यावर दसऱ्याचे हळदकुंकू अजून होते.

सरळ भिंतींचे, हातभरापेक्षा बरेच कमी उंचीचे, काठाला गोल वळण दिलेले तांब्याचे भांडे. अंगावर हातोडीचे बारीक, एकसारखे ठोके. रंगनाथने ते हातात न घेताच ओळखले. असे ठोके आळीत एकाच माणसाचे पडत.

"तात्याशेठनं दिलेलं," गोटीराम म्हणाले. "दिवाळीला जुन्या गिऱ्हाइकाला एकेक द्यायचे. पत्र्याच्या डब्याला मोरचूद खातं, तांब्याला खात नाय. एक पीप, एक माप. तराजूबिराजू कोण करतंय?"

रंगनाथने ही भांडी लहानपणी ओळीने मांडलेली पाहिली होती. दिवाळीत वडके गिऱ्हाइकांना काहीतरी देतात, एवढेच त्याला माहीत होते; कोणी मिठाई देतो, तांबट भांडे देतो. त्या भांड्याचे काम काय, हा प्रश्न त्याला पडला नव्हता, कारण घरातल्या वस्तूंविषयी प्रश्न पडत नाहीत.

मंगळूने पोत्यातून माप भरले. काठापर्यंत दाणा आल्यावर त्याने माप उचलून हौदाच्या कट्ट्यावर दोनदा ठोकले. दाणा खाली बसला. त्याने वर आणखी घातला, पुन्हा ठोकले, पुन्हा घातला, हाताने काठावरून सपाट केला आणि मालकाकडे पाहिले.

"हे ठोकलंस कशाला?" रंगनाथने विचारले.

"ठोकल्याबिगर माप भरलं कसं म्हनायचं, दादा?" मंगळू म्हणाला. "बागेला कमी पडंल."

वत्सलाने माप तराजूत रिकामे केले आणि वजन घेतले. मग गोठ्याच्या कोपऱ्यात गेल्या वर्षीचे थोडे मोठे खडे शिल्लक होते, ते त्याच मापात भरायला लावले. मंगळूने तेही ठोकले. खडे हलले नाहीत. मुठीएवढ्या खड्यांना कट्ट्यावरच्या दोन ठोक्यांची फिकीर नसते. खड्यांमधून निम्मी हवा दिसत होती. तेही वजन झाले. बारीक दाणा जवळजवळ दीडपट भरला होता.

बाकीचे सरळ होते. मोरचुदाच्या द्रावणातला आम्लपणा मारायला चुना लागतो. चुना जास्त झाला की पानांवर पांढरे डाग पडतात आणि पंपाचे तोंड तुंबते, म्हणून जुने बागाईतदार तो अगदी लागेल तेवढाच घालत. त्यांचे चुन्याचे माप खड्याच्या मापाला जुळवलेले होते. मोरचूद दीडपट झाले, चुना तेवढाच राहिला, मोकळे तांबे कोवळ्या पानांवर गेले. आणि जो जितका प्रामाणिकपणे ठोकून माप भरणारा, त्याची बाग तितकी जास्त करपली.

"विळा आहे का?" वत्सलाने विचारले.

मिश्रण झाल्यावर तिने गोटीरामांचा विळा पिपात बुडवला, थोडा वेळ धरला आणि बाहेर काढला. पात्यावर तांबडा थर चढला होता. चुना पुरेसा असता तर पाते स्वच्छ राहिले असते.

"आमी बी पयले हे करून बघायचो," गोटीराम पात्याकडे पाहत म्हणाले. "माप आल्यावर सोडलं. तांबडं कधी यायचंच नाय." मग ते मंगळूकडे वळले. "आन् तुला ठोकायला कोणी सांगितलं रं?"

मंगळू पोत्याचे तोंड बांधू लागला.

"मालक, तुमीच," भागीबाई म्हणाली. "पयल्या सालीच. म्हनला व्हतात, ठोकून भर, नायतर घरी जा."

"मी लय काय काय बोलतो," गोटीराम म्हणाले.

"ठोकण्यात चूक नाही," रंगनाथ म्हणाला. "तात्यांचं मापही बरोबर आहे. मी खडा बदलला आणि तो कशात भरला जातो ते पाहिलं नाही."

"हे रविवारी असंच बोलणार?"

"असंच."

"बोला. पण नुसत्या बोलण्यानं भागत नाय, शेठ. माप बरोबर हाय म्हणल्यावर लोकं काय म्हणतील? म्हणतील, मग मापाजोगा खडाच आणा."

तर्क निर्दोष होता. रंगनाथने तो मनातल्या मनात उलटसुलट करून पाहिला आणि त्यात त्याला फट सापडली नाही. गोटीरामांनी माप पदराआड न्यावे तसे कोटाआड धरले होते. रंगनाथने ते रविवारपर्यंत मागून घेतले. त्यांनी दिले, पण देव्हाऱ्यातले आहे, हे दोनदा सांगितले.

तात्या आळीतल्या पडवीत टाकीवरची फळी सरकवून खडे पाहत होते. रंगनाथने माप त्यांच्यासमोर ठेवले आणि घडले ते क्रमाने सांगितले. तात्यांनी माप हातात घेऊन काठावरून अंगठा फिरवला.

"हे ठरवायला मला अख्खा हंगाम लागला होता," ते म्हणाले. "पाच उंच्यांची पाच मापं केली. गोटीरामच्या बापाच्या बागेत रोज विळा बुडवून बघायचो. विळ्यावर तांबडं न येणारं आणि पानावर पांढरं न पडणारं असं एकच निघालं. मग तेच केलं सगळ्यांना."

"मला कधी बोलला नाहीत."

"विचारलंस कधी? तू तेव्हा मुंबईला सत्त्व मोजत होतास."

वत्सला हसली. रंगनाथलाही हसावे लागले. वर्षाच्या आत पाच प्रायोगिक मापे, एक चल, बाकी सगळे स्थिर आणि दोन निकष; हे काम मुंबईला त्याच्या विभागात कोणी केले असते तर त्याला चांगले गुण मिळाले असते.

"मी वजन केलेल्या पिशव्या देतो," तो म्हणाला. "एका पिपाला एक पिशवी."

"देशील. पण घरी माप आहे तोवर ते पिशवी मापातच ओततील. आणि भरलं नाही तर दुसरी फोडतील."

"मापाच्या आत रेघ मारून दिली तर?" वत्सलाने विचारले. "रेघेपर्यंतच भरा म्हणायचं."

"रेघेपर्यंत कोणी भरत नाही, सूनबाई. दुधाच्या भांड्यातही नाही. माणूस काठापर्यंत भरतो." तात्यांनी माप उलटे केले, सुलटे केले. "काठच खाली आणला पाहिजे."

मग त्यांनी सातपूरचा दाणा मागवला. रंगनाथने वजनावरून हिशेब करून मापाच्या अंगावर एक रेघ ओढली. तात्यांनी तो हिशेब पाहायला नकार दिला, पिपात मिश्रणे करून विळा बुडवत राहिले आणि दुसऱ्या दिवशी दुपारी आपली रेघ ओढली. दोन रेघांमध्ये तांदळाच्या दाण्याएवढे अंतर होते. तात्यांनी स्वतःची धरली. रंगनाथने वाद घातला नाही. फरक मापनाच्या चुकीच्या मर्यादेत होता.

एक गोष्ट मात्र रंगनाथच्या लक्षात आली होती आणि ती त्याने बोलून दाखवली नाही. माप एकदा कापले की ते मोठ्या खड्याच्या कामाचे राहत नाही. ज्या दिवशी पाच गावांतली मापे कापली जातील त्या दिवशी आळीतल्या चार टाक्यांना गिऱ्हाईक उरणार नव्हते. तात्यांच्याही ते लक्षात आले असेल की नाही, हे विचारण्याची त्याची छाती झाली नाही.

रविवारी संघाच्या गोदामात माणसे पोत्यांवर, खोक्यांवर आणि काही दारात बसली होती. निरोप गेल्याप्रमाणे बहुतेकांनी मापे आणली होती. कोणी फडक्यात, कोणी सायकलच्या हँडलला अडकवून. रंगनाथने गोटीरामांच्या बागेत जे दिसले ते सांगितले. दोन मापे भरून, दोन्हींचे वजन करून दाखवले. विळाही बुडवून दाखवला. माल शुद्ध असल्याचे सांगून ज्यांच्या बागा करपल्या त्यांना हंगामातले पुढचे सगळे मोरचूद वडक्यांकडून फुकट मिळेल, हेही त्याने सांगितले.

"म्हंजी पीठ चांगलं, आमच्या बागाच वाईट," मागून एकजण म्हणाला. गोदाम हसले.

"बागाही चांगल्या आहेत," रंगनाथ म्हणाला. "मी न विचारता खडा बदलला. चूक तेवढीच आहे, आणि ती माझी आहे."

हसणे थांबले. कारखानदाराने असे बोलण्याची पद्धत नव्हती आणि लोकांना त्यावर काय करावे ते कळेना.

"मग आमाला जुना खडा द्या की," दुसरा म्हणाला. "माप बी जुनं, खडा बी जुना. भानगड मिटली." बऱ्याच माना हलल्या. गोटीरामांनी रंगनाथकडे पाहिले; मी म्हणालो नव्हतो का, एवढाच त्या पाहण्याचा अर्थ होता.

तात्या तोवर गोदामाच्या दाराशी, उजेडात, गोणपाटावर बसले होते. पुढ्यात छोटी ऐरण, हातोडी आणि पत्रा कापायची कात्री. त्यांनी वर न पाहता म्हटले, "गोटीराम, तुझं आण इकडं."

गोटीरामांचे माप रंगनाथकडेच होते. त्याने ते गोटीरामांच्या हातात दिले. द्यायचे की नाही, हे ज्याचे माप त्याने ठरवावे. गोटीराम ते घेऊन उभे राहिले. गोदामातला प्रत्येक माणूस त्या भांड्याकडे पाहत होता.

"कापलं की परत वाढत नाय ना, तात्याशेठ?"

"केस आहेत का ते?"

"देव्हाऱ्यात असतंय आमच्या."

"मग देवाला सांग, पुढच्या वर्षी पानं हिरवी हवी असतील तर थोडं बुटकं चालवून घे."

गोटीरामांनी पुढे जाऊन माप तात्यांच्या मांडीवर ठेवले. तात्यांनी गोलाकार खूण केली, कात्री लावली आणि काठाची अखंड पट्टी सोलून काढली, संत्र्याची साल काढावी तशी. मग ऐरणीवर कड वळवून हातोडीने बंद केली, बोटाने धार नाही ना पाहिले आणि माप परत दिले. गोटीरामांनी ते बारीक दाण्याने भरले, सवयीने दोनदा ठोकले, भरले, सपाट केले आणि गुरुजींच्या तराजूत ओतले. काटा मधे आला.

"आन् समजा," मघाचाच माणूस म्हणाला, पण आता तो उठून पुढे आला होता, "समजा ह्या कापलेल्या मापात जुना मोठा खडा घातला तर?"

"तर मोरचूद कमी पडेल," तात्या म्हणाले. "पान करपणार नाही, पण केवडा येईल."

"मंग दोन खडे, दोन मापं. घोळच की हो."

"घोळ होणार नाही. मोठा खडा आता मिळणार नाही." तात्यांनी कात्री पुसली. "टाक्यांत आहे तेवढा काढतो आणि शिशाचा पत्रा मोडीत घालतो. आमच्याकडे यापुढे एकच खडा. रंगा काढतो तो."

रंगनाथ त्यांच्या मागे उभा होता. तात्यांनी मागे हात करून त्याला ऐरणीच्या दुसऱ्या बाजूला बसायची खूण केली आणि कड वळवायची हातोडी त्याच्या हातात दिली. रंगनाथने हे काम पंधराव्या वर्षानंतर केले नव्हते. पहिला ठोका वाकडा पडला.

"कारखानदार," तात्या म्हणाले. "हळू."

समोर उभ्या माणसाने फडके सोडून आपले माप पुढे केले. त्याच्या मागे आणखी दोघे उठले आणि नंतर गोदामात रांग लागली. मुंबईच्या मालाचा ठराव मांडायचे गोटीरामांच्या लक्षातच राहिले नाही.

"पुढचं," तात्या म्हणाले.